लाभ, दोन, तीन

विलास गेल्याचं कळलं तेव्हा मी गच्चीवर कुरडया घालत होते. फोन मंगलचा, पण बोलत होती तिची शेजारीण. “ताई, विलासभाऊंचं काहीतरी झालंय जंगलात, तुम्ही लगेच या,” एवढं म्हणाली आणि फोन ठेवला. विलास माझा मावसभाऊ, मंगल त्याची बायको. हाताला लागलेला चीक तसाच घेऊन मी रिक्षात बसले. सातपूरला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती आणि ती विलासची नव्हतीच. आदल्या दिवशी दिवेलागणीला मी मंगलकडेच होते. तिचा गुडघा सुजला होता म्हणून बघायला गेले होते. तिने लंगडत लंगडत चहा केला, आम्ही दोघी समोरासमोर बसलो आणि पहिला घोट घेऊन ती थांबली. “ताई, चहाला धुराचा वास येतोय का हो?” मी माझा कप हुंगला. आलं आणि गवती चहा, बाकी काही नाही. गॅसवरच्या चहाला धूर कुठून लागणार? “तुझं नाक चोंदलंय,” म्हटलं. तिने आणखी एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं नाही, उलट जराशी हसली, “अगदी चुलीवरचा लागतोय,” म्हणाली आणि सगळा पिऊन टाकला. त्यात काय एवढं... कोणाच्याही घरात होईल असं बोलणं. पण रिक्षात मला तेच आठवत होतं, आणि का आठवतंय ते कळत नव्हतं.

झालं होतं ते असं. विलास नेहमीसारखा पेठच्या पुढच्या जंगलात मुक्कामाला गेला होता आणि या वेळी एकटा गेला होता. सकाळी मोहाची फुलं वेचायला आलेल्या पाड्यावरच्या एका बाईला तो दिसला. पाठ सॅकला, सॅक मोहाच्या खोडाला, पाय पसरलेले, समोर उघड्या खडकावर विझलेली तीन दगडांची चूल. डोक्यावर, खांद्यावर, मांडीवर रात्रभर टपटपलेली मोहाची फुलं. तिला आधी वाटलं, पाहुणा झोपलाय. हृदय बंद पडलं, आदल्या संध्याकाळीच केव्हातरी, असं डॉक्टर म्हणाले. झटापट नाही, जखम नाही, काही चोरीला गेलेलं नाही. फक्त एक गोष्ट पोलिसांच्या मनात बसेना. दहावा झाल्यावर एक हवालदार घरी आले, पाणी प्यायले, आणि मंगलला अगदी अदबीने म्हणाले, “मॅडम, साहेबांबरोबर आणखी कोण होतं?” मंगल म्हणाली, कोणी नाही, एकटेच गेले होते. “मग चहाचे ग्लास तीन कसे?”

हे तीन ग्लास घरात शिरले ते बाहेर जाईनात. तेराव्याला आलेल्या नातेवाइकांपैकी कोणीतरी स्वयंपाकघरात कुजबुजलंच की दर महिन्याला बाप्या माणूस जंगलात जातो म्हणजे काय नुसती झाडं बघायला? मी तिथल्या तिथे त्या बाईंचं तोंड बंद केलं. शाळेत भूगोल शिकवण्यात जन्म गेला, तोंडं बंद करण्याची सवय आहे मला. पण मंगलने ते ऐकलं होतं. सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “ताई, खरं सांगा. कोण होतं ह्यांच्याबरोबर?” मी म्हटलं, वेडी आहेस का. तर म्हणाली, “नाही हो, मी रागाने नाही विचारत. कोणीही असू दे. बाई असली तरी चालेल मला. फक्त शेवटी एकटे नव्हते ना, तेवढं कळू दे.” इतक्या वर्षांत तिच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं. मला रडू आलं. हा लेख खरं तर तिथून सुरू होतो, कारण तिला उत्तर द्यायचं तर विलास जंगलात कसा राहायचा ते आधी सांगायला हवं.

सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्याने नोकरी केली. दिवसभर लेथची घरघर, कानात बोळे. त्यामुळे असेल, त्याला शांततेची हाव होती, खाण्याची असावी तशी. एकदा कंपनीची सहल धरणाकाठच्या एका टेंट साइटवर गेली. रांगेने निळे तंबू, झाडांना रंगीत बल्ब, स्पीकरवर गाणी, पनीर टिक्का आणि जंगलात राहिल्याचा फोटो काढायला एक लाकडी चौकट. विलास जेवला, सगळ्यांना शुभरात्री म्हणाला आणि कुंपणाखालून बाहेर जाऊन माळावरच्या झाडाखाली झोपला. वॉचमन त्याला शोधत फिरला. मला सांगताना म्हणाला, “ताई, तिथं जंगल भाड्याने आणून ठेवलंय गं. वाजंत्रीवाले आणतात ना लग्नात, तसं.” त्यानंतर त्याने स्वतःची रीत बसवली. वनखात्याच्या जंगलात जायचं, पण गार्डला आधी भेटून, परवानगी घेऊन. तंबू नाही, एक ताडपत्री आणि एक सतरंजी. जिथे बोर्ड आहे, बाक आहे, संडास बांधलेला आहे, तिथे थांबायचं नाही. पाणी झऱ्याचं, उकळून. शौचाचा खड्डा पाण्यापासून लांब, खुरप्याने खणायचा आणि बुजवायचा. उन्हाळ्यात चूल फक्त उघड्या खडकावर, भोवतालचा पाला लांबपर्यंत झाडून. निघताना चुलीचे दगड जिथून उचलले तिथे परत, काळी बाजू खाली. आपण येऊन गेलो हे जंगलाला कळता कामा नये, असं म्हणायचा. मी रिटायर झाल्यावर त्याने मला धरून नेलं. मी कुरकुरत गेले, आणि मग कुरकुरतच जात राहिले.

एक रीत मात्र मला कधी पटली नाही आणि तरी मी ती मोडली नाही. जागा सापडली की सामान सोडायचं नाही. आधी गप्प बसायचं. माणसं आली की पाखरं, किडे एकदम बंद होतात. ते पुन्हा सुरू झाले की जागेने आपल्याला घेतलं, मग सॅक उघडायची. एकदा सुरगाण्याच्या बाजूला आम्हाला अशी जागा मिळाली की चित्रात काढावी. सपाट, सावलीची, पायाशी ओढा. दुपार होती, मी दमले होते. आम्ही बसलो. पाखरू बोलेना. रातकिडा नाही, माशी नाही. ओढा वाहताना दिसत होता पण त्याचा आवाज कुठेतरी अडत होता, दार लावलेल्या खोलीतून यावा तसा. मी घड्याळ बघायला लागले तर विलासने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि मान हलवली. खूप वेळाने तो उठला, ओढ्याकडे बघून “बरं, जातो” म्हणाला, आणि आम्ही निघालो. टेकाड ओलांडल्याबरोबर इतका किलबिलाट कानावर आला की मी दचकले. मी त्याला वाटेत फैलावर घेतलं, चांगली जागा घालवलीस म्हणून. तो म्हणाला, “आपल्या आधी कोणीतरी बसलं होतं तिथं.” मी मागे वळून बघितलं नाही, हे इथे सांगून टाकते.

आता ‘लाभ’. धान्य मापताना जुनी माणसं ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. मंगलच्या वडिलांचं येवल्याला धान्याचं दुकान होतं. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलेला विलास तिथे बसून होता आणि सासरे बाजरी मापत होते. याने विचारलं, “मामा, एक कुठे गेला?” सासरे घाईत होते, म्हणाले, “पहिलं माप मोजायचं नसतं, जावईबापू. ते देवाचं.” झालं. लाभ हाच एक आहे, फक्त नाव शुभ, एवढा साधा मुद्दा. पण विलासने धरून ठेवलं की पहिलं कोणाचं तरी दुसऱ्याचंच, आपण दोनपासून. मंगल त्याला आयुष्यभर चिडवत आली, “माझ्या बापाच्या दुकानात तुम्हाला बसवलं असतं तर प्रत्येक पोत्यात एक पायली फुकट गेली असती.” पण ही चूक तो जंगलात घेऊन गेला आणि तिथे तिचं काहीतरी वेगळंच झालं. चहा केला की पहिला ग्लास जागेचा. तो चुलीजवळ ठेवायचा, कोणी प्यायचा नाही, सकाळी झाडाच्या बुंध्याशी ओतायचा. आणि माणसं मोजायची तर लाभ जागेचा, विलास दोन, पुढचा तीन. एकटा असला तरी तो ‘लाभ, दोन’ म्हणायचा आणि मगच चहा प्यायचा. आम्ही पाच जण असलो की मोजणी सहावर संपायची. नवा माणूस हमखास गोंधळायचा.

तसा शिरीष गोंधळला. शिरीष त्याच्या कंपनीतला, पहिल्यांदाच आलेला. पावसाळा होता, हरसूलच्या बाजूचं पठार, भर दुपार आणि धुकं असं की पुढच्याची सॅक दिसायची, डोकं दिसायचं नाही. पाच जण ओळीने चाललो होतो, शेवटची मी. दर थोड्या वेळाने विलास थांबून मोजणी घ्यायचा. तो जागेचा ‘लाभ’ अगदी तोंडातल्या तोंडात म्हणायचा, मग मोठ्याने ‘दोन’, मग मागचे. माझ्या बुटात खडा गेला म्हणून मी वाकले. वर बघते तर समोर कोणी नाही, नुसतं पांढरं. हाक मारली, ती तोंडापुढेच विरली. तेवढ्यात मोजणी ऐकू आली. डावीकडून पुटपुटल्यासारखं ‘लाभ’, मग ‘दोन’, ‘तीन’, ‘चार’, ‘पाच’, आणि शिरीषचा आवाज, “पाच! आले सगळे, चला.” आम्ही पाचच होतो ना, त्याचं बरोबरच होतं. मग तीच मोजणी उजवीकडून आली. दोन, तीन, चार, पाच. त्यात ‘लाभ’ नव्हता. मी मनात म्हटलं, दरी आहे, प्रतिध्वनी आहे, वर्गात हजारदा शिकवलाय. आणि मग उजवीकडून, स्वच्छ, माझ्या आवाजात कोणीतरी ‘सहा’ म्हणालं.

मी तोंड उघडलं नव्हतं. प्रतिध्वनी न बोललेलं परत देत नाही, एवढा भूगोल मला येतो. मी होते तिथेच बसले, गवत मुठीत धरून. डावीकडून विलासचा आवाज आला, शिरीषला सांगत होता, “थांब रे. लाभ धरून सहा पाहिजेत. एक कमी आहे. ताई कुठंय?” ते मागे फिरले आणि मला सापडले. धुकं जरा हललं तेव्हा दिसलं, उजवीकडे गवत संपत होतं आणि पुढे कडाच होता. संध्याकाळी कपारीत चहा पिताना मी विलासला त्या ‘सहा’बद्दल सांगितलं. तो हसला नाही. ग्लासातली चहापत्ती हलवत म्हणाला, “म्हणून तर लाभ हळू म्हणायचा, ताई. बाकीचे आकडे कोणीही उचलतं, लाभ फक्त आपल्याला माहीत.” मला राग आला. अजून येतो. पण तेव्हापासून मी कधी ओळीत शेवटी राहिले की कान फक्त त्या पुटपुटण्याकडे असायचे.

या सगळ्यात मंगल कधीच नव्हती. तिला जंगलाचं वावडं. बिनदाराची जागा, बिननळाचं पाणी, आणि म्हणे मजा! विलास दर वेळी विचारायचा आणि ती दर वेळी सॅकमध्ये चिवडा-लाडू भरून द्यायची, तेच तिचं उत्तर. पण त्याच्या रिटायरमेंटनंतर काय झालं कोण जाणे, या फाल्गुनात ती म्हणाली, “चला, एकदा बघून येते माझी ती सवत.” विलासचा आनंद बघायला हवा होता. मला फोन करून सांगितलं, गार्डला सांगून ठेवलं, रस्त्याजवळची सोपी जागा निवडली, तिच्यासाठी उशी घेतली. निघायच्या सकाळी तिचा गुडघा सुजला. तो म्हणाला, राहू दे, पुढच्या महिन्यात जाऊ. तीच म्हणाली, “तुम्ही जाऊन या हो. सगळी तयारी झालीय. मी काय, पुढच्या खेपेला.” दारात उभी राहून तिने त्याला हात केला. त्यामुळे तेराव्याला तिने विचारलेलं “कोण होतं” म्हणजे खरं काय विचारत होती ते मला कळत होतं. मी गेले असते तर... ते वाक्य तिने माझ्यासमोर कधी पूर्ण केलं नाही.

मी तिला जागेच्या ग्लासाचं सांगितलं. तिला हे माहीत नव्हतं. घरी तो असलं काही करत नसे. मला वाटलं, ती हलकी होईल. झालं उलटंच. “म्हणजे एक ग्लास जागेचा, एक ह्यांचा. मग तिसरा?” विलास चहाचे ग्लास मोजून नेणारा माणूस, एक जास्तीचा कांदा पण सॅकमध्ये घालायचा नाही. मी म्हटलं, असेल कोणी वाटसरू. ती म्हणाली, “वाटसरू माणूस चहा पिऊन, त्यांना तसं सोडून जाईल?”

त्याचं सामान घेऊन जा असा पोलीस ठाण्यातून निरोप आला तेव्हा मंगल म्हणाली, मी येते, आणि तिथून मला पाड्यावरच्या त्या बाईंकडे न्या. गाडी करून आम्ही दोघी गेलो. पेठ रस्त्याला पळस फुलून गळून गेला होता, जंगल पार उघडं, पानांचा तांबडा सडा. ठाण्यात सॅक मिळाली. मंगलने ती उघडली नाही, मांडीवर घेऊन बसली, तान्ह्या मुलासारखी. गार्डने पाडा दाखवला. विलास ज्यांना सापडला त्या जानकीबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होत्या. साठीच्या, सडसडीत. आम्ही कोण ते कळल्यावर त्यांनी आधी पाणी दिलं, मग मंगलजवळ खाली बसल्या.

“मी आदल्या सांजचीबी तठं गेले व्हते,” त्या म्हणाल्या. “मोहाखालचा पाला झाडाया. सकाळी फुलं येचाया बरं पडतं ना. मंग पाहिला त्याला, चूल करून बसलेला. मी काय जवळ नाय गेले. पाव्हनं हायेत, आपन कशाला?”

“पाव्हणे?” मी विचारलं. “किती जण होते?”

“दिसला त्यो येकलाच. पन मोजत व्हता. पहिलं कायतरी हळूच बोलला, मना नाय समजला. मंग बोलला, दोन. मंग ती बोलली, तीन.”

अंगणात एक कोंबडी फुलांवर चालत होती. जानकीबाईंनी तिला हुसकावलं. मी मंगलकडे बघायचं टाळलं आणि विचारलं, “ती कोण?”

“बाईमानूस. आवाज बाईचा व्हता. म्हनून तर मी फिरले. म्हनलं, नवरा-बायको हायेत, चहा पितात, आपली कशाला अडचन?” मग त्यांना आठवलं तसं म्हणाल्या, “सकाळी गेले तं तीन गिलास चुलीपाशी. दोन भरेल, साय धरेल. येक रिकामा. सांडला नव्हता, उभा व्हता. त्याला ठिपकं व्हतं, बारीक बारीक.”

बाईचा आवाज. मला पठारावरचं ते ‘सहा’ आठवलं, माझ्याच आवाजातलं. जंगलात एकट्या बसलेल्या माणसाला हवा असलेला आवाज कोण काढतं, कशासाठी काढतं... मला तिथून उठून जावंसं वाटलं. मंगल मात्र सॅकचे पट्टे सोडवायला लागली होती. ताडपत्री, सतरंजी, नवी उशी, पातेलं. तळाला कागदात गुंडाळलेले तीन ग्लास. दोन मी ओळखत होते, विलासचे नेहमीचे, पोचे आलेले. तिसरा तिने उचलल्याबरोबर जानकीबाई म्हणाल्या, “हाच.”

मंगलने तो उन्हाकडे फिरवला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं. आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर घालतात तसं, चि. सौ. कां. मंगल. माळ्यावर, रुखवताच्या भांड्यांत, बोचक्यात बांधून ठेवलेला ग्लास. तिला दुसऱ्याच्या ग्लासात चहा चालत नाही, म्हणून त्याने तिला न सांगता माळ्यावरून काढला होता, घासला होता आणि सॅकच्या तळाशी ठेवला होता. ती आली नाही तरी तो सॅकमध्येच राहिला असणार. इथपर्यंत सगळं साधं आहे, कोणालाही समजावून देता येईल. मग संध्याकाळी त्याने चूल केली, तीन ग्लास मांडले, जागेचा, स्वतःचा आणि तिचा. हेही समजतं. त्याच्या हिशेबात लाभ, दोन, तीन, म्हणजे माणसं दोनच, नवरा आणि बायको. त्यापुढचं मला समजावता येत नाही, आणि मी तसा प्रयत्नही करणार नाही.

मंगल बराच वेळ नावावरून बोट फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र, कसं सांगू, त्या संध्याकाळी चहा पिताना हसली होती तसा झाला होता. “ताई,” ती म्हणाली, “धूर लागला होता ना त्या चहाला.” आवाज कोणाचाही काढता येत असेल, पण चव? ती तर तिच्या जिभेवर होती, सातपूरला, माझ्या डोळ्यांदेखत. मी हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते. सांगावं लागतं.

मग ती म्हणाली, मला जागा बघायची आहे. गुडघ्याचं काय, म्हटलं, तर ऐकायला तयार नाही. जानकीबाईंनी तिचा एक हात धरला, मी एक. मोहाचं ते झाड वाटेपासून फार लांब नव्हतं, खरंच सोपी जागा होती. आम्ही पोचलो तसं सगळं एकदम बंद झालं, पाखरं, किडे, सगळं. मला ओढ्याकाठची ती दुपार आठवली आणि मी मंगलचा दंड घट्ट धरला. तिला यातलं काही माहीत नव्हतं, ती आपली चुलीकडे बघत उभी होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग कुठूनतरी एका भारद्वाजाने हूप हूप सुरू केलं, त्याच्यामागून होला, आणि हळूहळू सगळं जंगल बोलायला लागलं. मी मंगलचा दंड सोडला. चुलीचे तीन दगड तसेच होते, काळे, आतल्या अंगाने. त्याला ते उचलायला मिळाले नव्हते. मी मंगलला त्याची रीत सांगितली. ती खाली बसली, दुखऱ्या गुडघ्यावर, आणि एकेक दगड उलटा करून ठेवला, काळी बाजू खाली. आता तिथे कोणी येऊन गेलं असं दिसत नाही.

यानंतर मंगलने मला पुन्हा कधी विचारलं नाही की कोण होतं. तिला जे हवं होतं ते मिळालं. कुजबुजणाऱ्या बाईंनाही तिने परस्पर सांगून टाकलं, “हो, बाई होती बरोबर. मीच होते.” आता ती रोज संध्याकाळी त्या ठिपक्यांच्या ग्लासात चहा पिते. ओट्यावर आधी एक ग्लास भरून ठेवते, मग एक पोचे आलेला, मग स्वतःचा. मी गेले की माझा कप. ओठ हलतात तिचे, आवाज येत नाही. येवल्याच्या धान्यवाल्याची मुलगी, आणि शेवटी नवऱ्याच्याच चुकीने मोजायला लागली.

परवा मी तिच्याकडे गेले होते. ऊन उतरलं होतं, पंखा फिरत होता, गॅसवर चहा उकळत होता, आलं आणि गवती चहा. तिने कप माझ्या हातात दिला. मी पहिला घोट घेतला आणि थांबले. ओल्या लाकडाचा, डोळ्यात जाणारा, जिभेवर रेंगाळणारा धूर. “काय झालं हो ताई?” मंगलने विचारलं. काही नाही, म्हटलं. खिडकीबाहेर कारखान्यांची शिफ्ट सुटत होती, मोटरसायकलींचा नुसता गोंगाट, आणि त्या गोंगाटाच्या खाली, अगदी खाली, कोणीतरी तोंडातल्या तोंडात पुटपुटलं. मी कान देऊन ऐकलं. त्यात ‘लाभ’ होता. माझी जागा नेहमी ओळीत शेवटची. मी थांबले, दोन होऊ दिलं, तीन होऊ दिलं, आणि मग कप रिकामा करून म्हणाले, “चार.”